धुळीचे आजार, क्षयाच्या खात्यावर

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, फेटलिंगला (ओतलेल्या भागाला चिकटलेली वाळू काढण्याच्या कामाला) असलेला तिशीतला माणूस खोकला, धाप आणि उतरलेले वजन घेऊन दवाखान्यात जातो. पुढे काय घडते याचा क्रम ठरून गेल्यासारखा आहे. थुंकी तपासतात, छातीचा फोटो काढतात, फोटोत फुप्फुसांच्या वरच्या भागात ठिपके दिसतात आणि क्षयाची औषधे सुरू होतात. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी पुष्कळदा होतात. सहा महिन्यांचा कोर्स पुरा होतो, धाप जात नाही. मग दुसरा दवाखाना, पुन्हा कोर्स, अधूनमधून दम्याचा पंप. एवढ्या सगळ्या कागदांवर त्याच्या कामाबद्दल एकच शब्द असतो: मजुरी. कसली मजुरी, किती वर्षे, कशाच्या धुळीत, हे कुणी विचारलेले नसते.

माझे म्हणणे सरळ आहे. कामाच्या जागची धूळ श्वासातून जाऊन होणारे फुप्फुसाचे आजार आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. ते क्षयाच्या आणि दम्याच्या नावावर जमा होतात, आणि ते तसे जमा होण्यात अनेकांची सोय आहे. क्षय जंतूमुळे होतो, आणि जंतूवर दावा लावता येत नाही. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसात व्रण होण्याचा आजार, मात्र कुणाच्या तरी शेडमध्ये, कुणीतरी न बसवलेल्या पंख्यामुळे आणि न मारलेल्या पाण्यामुळे झालेला असतो. तो शब्द कागदावर आला की पुढचा प्रश्न उभा राहतो: याला जबाबदार कोण? म्हणून हा विषय वैद्यकीय अज्ञानाचा कमी आणि नोंदीचा, जबाबदारीचा जास्त आहे.

आजार कसा होतो ते थोडे समजून घ्यायला हवे, कारण त्याच्या स्वभावातच ही लपवाछपवी सोपी करणारे काहीतरी आहे. वाळू, गारगोटी, वालुकाश्म, ग्रॅनाइट यांत स्फटिकरूप सिलिका असते. दगड फोडताना, कापताना, दळताना तिचे कण हवेत उडतात. डोळ्यांना दिसते ती धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडते, खाकरून बाहेर पडते. घात करतात ते न दिसणारे कण, साधारण पाच मायक्रॉनहून लहान. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून कल्पना यावी. हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, कण मोकळे होतात, दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्याही मरतात. या अखंड जखमेभोवती शरीर व्रणाची ऊती तयार करत राहते. मऊ फुप्फुसात कडक गाठी होतात, त्या एकमेकींना मिळतात, आणि श्वासाला जागाच उरत नाही.

हे व्रण परत मऊ करणारे औषध नाही. काम सोडले तरी आजार पुढे सरकत राहू शकतो. धूळ बेताची असेल तर लक्षणे दिसायला दहा वर्षांहून अधिक लागतात. धूळ फार दाट असेल तर काही महिन्यांतही माणूस कोसळतो. आणि ज्या पेशी एरवी क्षयाच्या जंतूंना अडवतात त्याच सिलिकाने निकामी केलेल्या असल्यामुळे अशा कामगाराला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे क्षयाचे निदान प्रत्येक वेळी चूक असते असे नाही. अनेकांना दोन्ही असते, आणि त्यांना क्षयाची औषधे द्यायलाच हवीत. तक्रार एवढीच की क्षय सापडला की शोध तिथेच थांबतो. तो क्षय धुळीने आणला का, हे पाहिले जात नाही, आणि बरा होऊन माणूस पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो. सिलिका कर्करोगकारक असल्याचेही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली स्पष्ट केले आहे.

हे सगळे आत्ता कळले असेही नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या ७,६५३ कामगारांची तपासणी १९४० च्या दशकात झाली, तेव्हा ३,४०२ जणांना सिलिकोसिस आढळला होता. शंभरात सुमारे चव्वेचाळीस. त्यानंतर देश स्वतंत्र झाला, १९४८ चा कारखाना कायदा आला, त्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार म्हणून नोंदला गेला. तरीही गोष्ट पुन्हा पुन्हा घडत राहिली.

पाटीवर लिहायची पेन्सिल महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी शाळेत हातात धरली, चघळलीही. मध्य प्रदेशातल्या मंदसौर आणि मुलतानपुऱ्यात पाटीच्या दगडातून त्या पेन्सिली विजेवरच्या करवतीने कापल्या जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या ५९३ कामगारांची तपासणी करून १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५४.६ टक्के कामगारांना सिलिकोसिस होता. तरुण पुरुष मरत होते आणि मागे विधवांची वस्ती वाढत होती. मध्य प्रदेश सरकारला १९८२ मध्ये त्या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका शालेय वस्तूसाठी गावेच्या गावे श्वासाला मुकली, आणि ती वस्तू वापरणाऱ्या आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याहून अलीकडचे प्रकरण गोध्रा परिसरातले. नंदुरबारहून नर्मदेपलीकडे पाहिले की अलिराजपूर लागते. तिथले, झाबुआचे आणि धारचे आदिवासी पोटासाठी गुजरातेत जाऊन गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत राबले. गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिचे पीठ काचेपासून चिनी मातीपर्यंत अनेक उद्योगांना लागते. गोण्या भरताना पीठ अंगावर उडायचे, आणि ती माणसे काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत धापत घरी परतायची. गावी त्यांना क्षय म्हणूनच ओळखले गेले. संघटनांनी मृतांच्या याद्या केल्या, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने शिफारस केली, आणि मे २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले. दहा वर्षे लागली. पैसे मिळायला लागला तेवढा वेळ त्यातल्या अनेकांना जगायलाही मिळाला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळाचा आहे त्या बसाल्टमध्ये मोकळी सिलिका फार कमी असते. त्यामुळे पुणे-सातारा पट्ट्यातल्या खडी क्रशरवरच्या प्रत्येक खोकल्याला सिलिकोसिस म्हणणे बरोबर नाही. याचा अर्थ ती धूळ निरुपद्रवी आहे असा मात्र मुळीच नाही. कोणतीही बारीक खनिज धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की श्वासनलिका आवळतात, जुनाट दाह होतो, फुप्फुसाची ताकद घटते. वडार समाजातली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या धुळीत आहेत. पण शास्त्र बाजूला ठेवून केलेला आक्रोश मालकांच्या वकिलाला सोयीचा ठरतो, म्हणून हा फरक आपणच आधी मांडलेला बरा.

सिलिकाचा खरा प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्या ठिकाणी आहे. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ओतकामाच्या साच्यांना लागते ती याच जातीची वाळू. कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाही. ट्रॅक्टरपासून मोटारीपर्यंत कितीतरी यंत्रांचे भाग तिथे ओतले जातात. मात्र त्या भागाचा प्रवास धुळीच्या बाजूने पाहावा. वाळूत तिला घट्ट धरणारा बाइंडर मिसळून साचा तयार होतो. त्यात तापलेला रस ओतला जातो. थंड झाल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात, त्या नॉकआउटच्या वेळी तापून कोरडी झालेली, भुगा झालेली वाळू हवेत उसळते. मग कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने, छिन्नीने, शॉट ब्लास्टिंगने (धातूच्या बारीक गोळ्यांच्या माऱ्याने) काढायची. हे फेटलिंग. सगळ्यात वाईट धूळ इथे, आणि सगळ्यात कच्चा माणूसही इथेच. हे काम अनेक ठिकाणी ठेकेदाराकडे असते, दर वजनावर, आणि हात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या पोरांचे. चार-पाच वर्षांत ती गावी परततात. आजार उगवतो तो तिकडे, कोल्हापूरच्या कुठल्याही नोंदवहीत न येता.

चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणी, भंडारा-नागपूरच्या मँगनीजच्या खाणी यांची कथा निराळी नाही, फक्त तिथे खाणींच्या नियमांमुळे ठरावीक मुदतीने छातीचा फोटो काढण्याची तरतूद तरी आहे, निदान कायम कामगारासाठी. शहरात पाहिले तर फ्लॅटच्या सजावटीत फरशी आणि ग्रॅनाइट कोरड्या कटरने कापणारा कारागीर बंद खोलीत धुळीच्या ढगात बसलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे त्याचे एकमेव संरक्षण.

कापसाच्या धुळीचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रातली चर्चा पुरी होत नाही. गिरण्यांच्या ब्लो रूममध्ये आणि कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस मोकळा करून पिंजण्याच्या जागी, काम करणाऱ्यांना बिसिनोसिस व्हायचा. त्याची खूण ठरलेली: आठवड्याची सुटी संपवून कामावर आले की त्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, पुढे आठवड्यात जरा सैल पडते. काही वर्षांनी ती रोजच आवळलेली राहते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या. घरांचा प्रश्न, देण्यांचा प्रश्न गाजला, आणि तो गाजायलाच हवा होता. पण गावाकडे परतलेल्या कामगारांबरोबर त्यांची फुप्फुसेही गेली होती, आणि तो हिशेब सार्वजनिक चर्चेत जवळजवळ आलाच नाही. आजही विदर्भ-मराठवाड्यातल्या जिनिंगमध्ये हंगामी कामगार रुईच्या तुसात दिवस काढतात. साखर कारखान्यात बुरशी लागलेल्या जुन्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीने होणारा बगॅसोसिसही नुकसानभरपाईच्या कायद्यात नोंदलेला आजार आहे. राज्यात इतके साखर कारखाने असून हे नाव किती जणांनी ऐकले असेल?

कायदा नाही असे कुणी म्हणू नये. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा आजार), बिसिनोसिस होते. कारखाना कायद्याने असा रुग्ण दिसला की डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणे सक्तीचे केले. न कळवल्यास त्या कायद्यात दंड होता जास्तीत जास्त एक हजार रुपये. ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपायला सांगितले. यातले प्रत्येक वाक्य योग्य आहे. अडचण अशी की ही सगळी यंत्रणा दोन गोष्टी गृहीत धरते: डॉक्टर आजाराचे नाव लिहील आणि कामगार आपण कुठे काम केले ते सिद्ध करील. प्रत्यक्षात पहिला लिहीत नाही आणि दुसऱ्याला सिद्ध करता येत नाही.

डॉक्टर का लिहीत नाहीत? काहींना हे आजार फारसे शिकवलेलेच नसतात. धुळीच्या आजारांचे फोटो वाचण्याची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची एक प्रमाणित पद्धत आहे, ती येणारे थोडे. पण त्याहून मोठे कारण म्हणजे लिहिले की पुढे कटकट होते. कारखान्याच्या पॅनेलवरचा डॉक्टर कारखान्याचे मीठ खातो. सरकारी डॉक्टरसमोर दीडशे माणसांची रांग असते आणि क्षयासाठी सगळी व्यवस्था तयार असते: मोफत तपासणी, मोफत औषध, पोषणासाठी थेट खात्यात पैसे, पोर्टलवर नोंद, उद्दिष्टपूर्ती. सिलिकोसिससाठी काय आहे? एक फॉर्म, जो कुठल्या कपाटात असतो तेही ठाऊक नसते. क्षयाच्या कार्यक्रमाबद्दल मला आदर आहे, त्याने लाखो जीव वाचवले आहेत. त्याच कार्यक्रमाच्या खांद्यावर ही नोंद सहज बसू शकते, म्हणूनच तो विषय इथे काढतो आहे.

आणि कामगार का सिद्ध करू शकत नाही? त्याच्याकडे नेमणूकपत्र नसते, पगाराची पावती नसते. तीन शेड बदललेल्या असतात, ठेकेदार बदललेला असतो, एखादी शेड बंदही झालेली असते. आजार दहा वर्षांनी उघड होतो तेव्हा साक्षीदार कोण? सिलिकोसिस सिलिकाच्या धुळीखेरीज दुसऱ्या कशानेही होत नाही. घरात बसून तो सहसा जडत नाही. फुप्फुसात तो आहे हाच बहुतेक वेळा माणसाने धुळीत काम केल्याचा पुरावा असतो. मग मरणाऱ्या माणसाकडे आणखी कागद मागण्याला काय आधार आहे? पुराव्याचे ओझे उलटे करायला हवे. निदान पक्के झाले की सरकारने पैसे द्यावेत, आणि कोणत्या मालकाकडून वसूल करायचे ते सरकारने पाहावे.

राजस्थानने साधारण हेच केले. वालुकाश्माच्या खाणी आणि मूर्तिकामाच्या त्या राज्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये धुळीच्या फुप्फुसरोगांसाठी धोरण जाहीर केले. कामगार स्वतः अर्ज नोंदवतो, वैद्यकीय मंडळ तपासते, प्रमाणपत्र मिळाले की ३ लाख रुपये पुनर्वसनासाठी, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख, शिवाय पेन्शन. मालक शोधून आणा, मग बघू, असे त्याला कुणी म्हणत नाही. हरियाणाने आणि पुढे पश्चिम बंगालनेही आपापली धोरणे आणली. राजस्थानात बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणेही उघड झाली, हे झाकायचे कारण नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फोटो दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरने नाव न कळता पुन्हा वाचणे. चोर सापडले म्हणून योजनाच नको, हा तर्क आपण पीकविम्याला लावत नाही, मग फुप्फुसाला का लावावा?

महाराष्ट्राला पैशाची अडचण सांगता येणार नाही. खाण व खनिज कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, चंद्रपूर-नागपूरसारख्या जिल्ह्यांत त्यात मोठी रक्कम जमते, आणि आरोग्य हा त्या निधीच्या खर्चाचा प्राधान्याचा विषय आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून पैसा येतो. त्यातून गृहोपयोगी भांड्यांचे संच वाटले गेले. ते ज्या घरात गेले त्या घराला त्यांचा उपयोग झाला असेल, मी तो कमी लेखत नाही. पण फरशी कापणाऱ्याच्या छातीचा दरवर्षी एक डिजिटल फोटो आणि श्वासाची ताकद मोजणारी चाचणी यांना त्याच पैशावर आधीचा हक्क आहे. अहमदाबादच्या त्याच राष्ट्रीय संस्थेने रक्तातल्या सीसी-१६ नावाच्या प्रथिनावरून फुप्फुसाला पोचलेली इजा लवकर ओळखण्याची चाचणीही विकसित केली आहे. फोटोत डाग दिसण्याआधी माणूस धुळीतून बाजूला काढता आला, तर यातले पुष्कळ मृत्यू टळतील.

भरपाईबद्दल इतके लिहिले, पण भरपाई म्हणजे हरल्यानंतरचा हिशेब. हा आजार बरा होत नाही, मात्र शंभर टक्के टाळता येतो. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात ग्रॅनाइट कापणाऱ्या शेड्समध्ये एकेकाळी सिलिकोसिस आणि क्षयाने कामगार मोठ्या संख्येने मरत. १९३० च्या दशकाच्या अखेरीला तिथे प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी धूळ खेचून घेणारी व्यवस्था बसवली गेली, आणि त्यानंतर कामाला लागलेल्यांमध्ये आजार जवळजवळ नाहीसा झाला. तुर्कस्तानात जीन्सला जुनाट रंग आणण्यासाठी वाळूचा मारा करणारी पोरे दगावू लागली, तेव्हा सरकारने २००९ मध्ये ती पद्धतच बंद केली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडावर बंदी घातली, कारण त्यात सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते आणि तो कापणारे तरुण तिशी-चाळिशीत आजारी पडत होते. तेच क्वार्ट्झचे ओटे आज पुण्या-मुंबईच्या नव्या घरांत हौसेने बसवले जातात. आपण ते विकत घेताना रंग आणि चकाकी पाहतो. तो कुणी, पाणी मारून कापला की कोरडा, हे दुकानदाराला विचारायला आपल्याला काहीच लागत नाही.

आपल्याकडे उपाय म्हटला की मास्क पुढे केला जातो. मास्क सगळ्यांत स्वस्त, आणि त्यामुळे जबाबदारी मालकाकडून कामगाराच्या नाकावर ढकलता येते. ‘दिला होता, घालत नाही’ हे वाक्य प्रत्येक शेडमध्ये ऐकू येते. भट्टीजवळच्या उष्म्यात आठ-दहा तास चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घालून ग्राइंडर चालवून पाहावा, मग बोलावे. कापडी रुमालातून आणि साध्या सर्जिकल मास्कमधून बारीक कण आरपार जातात. खरा उपाय धूळ उडूच न देण्याचा आहे: कापताना आणि छिद्र पाडताना पाणी, नॉकआउटभोवती आवरण, ग्राइंडरच्या तोंडाशी खेचणारा पाइप, हवेच्या पाइपाने फुंकून जागा झाडण्याऐवजी व्हॅक्युम. यात कुठलेही परदेशी गुपित नाही. कोल्हापूरचे इंजिनीअर जगाला यंत्रे पुरवतात, त्यांना धूळ खेचणारा पंखा बसवता येणार नाही यावर माझा विश्वास नाही.

लहान फौंड्रीवाला म्हणेल, खर्च झेपत नाही, शेड बंद करावी लागेल. हे म्हणणे खोटे नाही, आणि त्याला शिवीगाळ करून काही साधणार नाही. मोठ्या वाहन कंपन्या कास्टिंगचा दर किलोला पैशांत घासतात, आणि तो दाब शेवटी फेटलिंगच्या पोरापर्यंत उतरतो. म्हणून धूळ नियंत्रणाच्या यंत्रणेवर अनुदान द्यावे, औद्योगिक वसाहतीत सामायिक फेटलिंग केंद्रे उभारावीत, सांडपाण्यासाठी सामायिक प्रकल्प उभारले तशी. आणि ज्या कंपन्या कास्टिंग विकत घेतात त्यांना पुरवठादाराच्या धुळीच्या मोजमापाचा दाखला मागायला लावावे. गुणवत्तेचे शंभर दाखले त्या मागतातच. कामगारही म्हणतो, खोकला चालेल, उपाशी राहणे नको. त्याच्या या वाक्याचा आधार घेऊन जो गप्प बसतो, त्याने एवढे लक्षात घ्यावे की त्या माणसासमोर तिसरा पर्याय कुणी ठेवलेलाच नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना आणि धोकादायक उद्योगांतल्या सर्वांनाच वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळेल, असे सरकारने जाहीर केले आहे. फौंड्रीचे ओतकाम जुन्या कारखाना कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होतेच. मात्र यांतल्या कामाच्या जागच्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली आहे. जॉबवर्कवर फेटलिंग करणारी सहा पोरांची शेड, चार माणसांचा ग्रॅनाइटचा गाळा, क्रशरवरची आठ माणसे यांना कारखाना म्हणून कोण मोजणार? आणि मोजलेच नाही, तर सिलिकोसिस झालेल्या पंचविशीतल्या पोराला चाळिशीनंतरच्या तपासणीचा काय उपयोग? सुदैवाने संहितेतच वाट ठेवलेली आहे. धोकादायक काम असेल तर एक कामगार असलेल्या आस्थापनेलाही सरकार अधिसूचनेने ती लागू करू शकते. महाराष्ट्र सरकारने फेटलिंग, सँड व शॉट ब्लास्टिंग, दगड कापणे-घासणे, गारगोटी व सिलिका वाळू दळणे-चाळणे आणि जिनिंग या कामांसाठी ती अधिसूचना काढावी, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी आरोग्य खात्याकडे. इटलीचा वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी याने १७०० साली डॉक्टरांना बजावले होते की रोग्याला बाकीचे प्रश्न विचारता त्यात ‘तुझा धंदा काय?’ हाही विचारा. तीनशे वर्षांनंतर आपण तेवढेच करू. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत ‘मजुरी’ हा शब्द चालणार नाही असे ठरवावे. नेमके काम, कोणती धूळ, किती वर्षे आणि कोणत्या तालुक्यात, असे चार रकाने सक्तीचे करावेत. धुळीत काम केलेला आणि थुंकीत जंतू न सापडलेला, किंवा कोर्स संपूनही धाप न गेलेला रुग्ण आपोआप जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात, नागपूर आणि चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस धुळीच्या आजारांची ओपीडी चालवावी, आणि तिथला फोटो बिहारला परतलेल्या कामगारालाही त्याच्या जिल्ह्यात दाखवता यावा, कारण तो आजार त्याने कोल्हापुरातून नेलेला आहे. असे वर्षभर केले की कोणत्या वसाहतीतल्या कोणत्या कामातून किती माणसे आजारी पडतात याचा नकाशा आपोआप तयार होईल. निरीक्षकाने आधी कुठल्या शेडमध्ये जायचे, हे त्या नकाशावरून ठरवता येईल.